एल्गिन कॅथीड्रल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ॲबरडीनला राहते. इकडे फिरायला येणारे आपले लोक एडिनबरा, लॉक नेस, स्काय असं करून जातात आणि वाटेत कुणीतरी एल्गिनच्या पडक्या कॅथीड्रलचा फोटो पाठवून विचारतं की हे काय आहे, कुणी पाडलं, नीट का करत नाहीत. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळे एकदाच इथे लिहिलेत. सोप्यापासून सुरुवात आहे, किचकट प्रश्न खाली आहेत.

१. हे एल्गिन नक्की कुठे आहे आणि कॅथीड्रल किती जुनं आहे?

स्कॉटलंडच्या ईशान्येला, मोरे नावाच्या भागात. लिहितात मोरे असं पण म्हणताना 'मरी'च्या जवळपास म्हणतात. ॲबरडीन ते इन्व्हरनेस जी रेल्वे आहे तिच्यावरच एल्गिन स्टेशन लागतं आणि लॉसी नावाची छोटी नदी कॅथीड्रलच्या अगदी शेजारून वाहते. 1224 साली इथे बांधकाम सुरू झालं. राजा दुसरा अलेक्झांडर याने जमीन दिली आणि त्या वेळचे बिशप होते अँड्र्यू ऑफ मोरे. त्याआधी बिशपचं मुख्य ठिकाण जवळच्या स्पायनीला होतं, तिथून ते इथे हलवलं.

२. कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्चच ना? आणि आता तिथे प्रार्थना होते का?

आकाराचा संबंध नाही. ज्या चर्चमधे बिशपचं आसन असतं ते कॅथीड्रल, मग ते लहान असलं तरी. आता गंमत अशी आहे की चर्च ऑफ स्कॉटलंडमधे बिशपच नाहीत, त्यामुळे ग्लासगो किंवा डनब्लेनच्या चर्चला आज कॅथीड्रल म्हणतात ते जुन्या मानाने. एल्गिनमधे रोजची प्रार्थना 1560 च्या धर्मसुधारणेनंतर (तेव्हा स्कॉटलंड पोपचं कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट झालं) बंद पडली. गावातलं सेंट जाइल्स हे लोकांचं चर्च झालं आणि एवढी मोठी इमारत अचानक कुणाच्याच कामाची उरली नाही. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यातून निघते म्हणून ते लक्षात ठेवा.

३. बांधलं तेव्हा दिसायचं कसं?

तीन मनोरे होते. दोन पश्चिमेला, दाराच्या दोन्ही बाजूंना, आणि एक मधोमध, सगळ्यात उंच. दारातून आत गेलं की नेव्ह, म्हणजे आपल्या देवळाच्या भाषेत सभामंडप, मग मधल्या मनोऱ्याखालचा चौक, आणि पुढे पूर्वेला क्वायर जिथे पाद्री मंडळी गाऊन प्रार्थना म्हणायची. क्वायरच्या उत्तरेला आठ कोनी चॅप्टर हाउस, त्यांची बैठकीची खोली. पूर्वेच्या भिंतीत पाच-पाच उंच खिडक्यांच्या दोन ओळी आणि त्यांच्यावर एक मोठी गोल खिडकी. त्या भिंतीतून सकाळचं ऊन आत यायचं तेव्हा काय वाटत असेल याचा मी प्रत्येक वेळी तिथे उभी राहून विचार करते, कारण काच एकही उरली नसली तरी ऊन अजून तसंच येतं. या कॅथीड्रलला 'उत्तरेचा कंदील' म्हणायचे, इंग्रजीत 'लँटर्न ऑफ द नॉर्थ'.

४. एका दुष्ट सरदाराने जाळलं म्हणून ते पडलं, बरोबर ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बरोबर नाही. जाळलं हे खरं, पडलं ते त्यामुळे नाही.

बघा, 1270 मधे पहिली मोठी आग लागली. त्यानंतर त्यांनी नुसती डागडुजी नाही केली, क्वायर लांबवला, सभामंडपाला बाहेरून आणखी एकेक पाखा जोडला, चॅप्टर हाउस बांधलं, म्हणजे आगीनंतर इमारत आधीपेक्षा मोठी झाली. 1390 मधे ते प्रसिद्ध जाळपोळ प्रकरण (ते पुढच्या प्रश्नात). त्यानंतर परत कित्येक दशकं काम, पश्चिमेच्या दाराचा भाग आज दिसतो तो बराचसा या दुरुस्तीतला. 1402 मधे लॉर्ड ऑफ द आइल्सच्या (पश्चिमेकडच्या बेटांवरचा सरदार) घराण्यातल्या अलेक्झांडरने गाव लुटलं. 1506 मधे मधला मनोरा आपोआप कोसळला, तोही परत उभा केला आणि काम 1538 ला पूर्ण झालं.

म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं हे लोक दर वेळी उठून परत बांधत होते, कारण इमारत वापरात होती, पैसे येत होते, माणसं होती. 1560 नंतर एकही शत्रू चालून आला नसता तरी ती पडलीच असती. आगीने तिला मारलं नाही, टाकून दिल्याने मारलं, हे माझं ठाम मत आहे आणि खालची बरीच उत्तरं त्याच मुद्द्यावर येतात.

५. 'वुल्फ ऑफ बॅडनॉक' कोण होता आणि त्याने असं का केलं?

अलेक्झांडर स्टुअर्ट, अर्ल ऑफ बकन. राजा दुसऱ्या रॉबर्टचा मुलगा आणि तिसऱ्या रॉबर्टचा भाऊ, म्हणजे घरचाच माणूस. उत्तरेत त्याचा दरारा होता आणि लॉकिंडॉर्ब नावाच्या तळ्यातल्या किल्ल्यात त्याचा मुक्काम असायचा. बिशप अलेक्झांडर बर आणि त्याच्यात जमिनीवरून आणि हक्कांवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. त्यात याने बायको युफेमियाला सोडून दुसरीबरोबर संसार थाटला, चर्चने तिच्याकडे परत जा म्हणून सांगितलं, आणि बिशपनी संरक्षणासाठी याला सोडून थॉमस डनबारला नेमलं, हे सगळं त्याला झोंबलं.

एप्रिल 1390 मधे बाप मेला, नव्या राजाचा अंमल अजून बसायचा होता, आणि ही संधी साधून त्याने मे महिन्यात फॉरेस आणि 17 जूनला एल्गिन पेटवलं. गाव, सेंट जाइल्स चर्च, मेझों द्यू नावाचं धर्मादाय रुग्णालय, पाद्री लोकांचे 18 वाडे आणि कॅथीड्रल. म्हातारे बिशप बर यांनी नंतर राजाला पत्र लिहिलं त्यात हे कॅथीड्रल देशाचं भूषण होतं, परदेशी लोकसुद्धा त्याचं कौतुक करायचे अशा अर्थाचं लिहिलंय. मला ते वाचून गलबलून येतं, कारण मदत मागायच्या पत्रात माणूस आपल्या इमारतीचं कौतुकच करत राहतो.

६. त्याला शिक्षा झाली का?

फारशी नाही. पर्थला राजासमोर प्रायश्चित्त घेतलं, भरपाईचं कबूल केलं, आणि त्याचं अर्लपद तसंच राहिलं. राजाने बिशपना हयातभर दरसाल 20 पौंड मंजूर केले. वुल्फचं थडगं डनकेल्डच्या कॅथीड्रलमधे आहे, वर चिलखत घातलेली त्याची आडवी मूर्ती. कॅथीड्रल जाळणारा माणूस कॅथीड्रलमधेच पुरला गेला.

७. मग 1560 नंतर नक्की काय झालं? लोकांनी फोडलं का?

थोडंफार फोडलं असेल पण घाव तो नव्हता. घाव कागदावर घातला गेला. फेब्रुवारी 1568 मधे प्रिव्ही काउन्सिलने, म्हणजे राज्यकारभार बघणाऱ्या सल्लागार मंडळाने, हुकूम काढला की ॲबरडीन आणि एल्गिनच्या कॅथीड्रलच्या छपरावरचं शिसं काढून विका आणि त्या पैशातून सैनिकांचा खर्च भागवा. शिसं काढलं, जहाजात भरलं, हॉलंडला विकायला निघालं आणि ते जहाज ॲबरडीन बंदरातून बाहेर पडल्यावर लगेच बुडालं. म्हणजे छप्पर गेलं आणि पैसेही मिळाले नाहीत.

मी ज्या शहरात राहते तिथल्या समुद्रात ते शिसं गेलं, त्यामुळे बंदराच्या बाजूला फिरायला गेलं की मला हे आठवतंच.

८. नुसतं शिसं काढल्याने एवढं मोठं दगडी बांधकाम कसं पडेल?

हे जरा नीट समजून घ्या कारण बाकी सगळं यावर आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचंही असंच होतं.

या भिंती आरपार घडीव दगडाच्या नसतात. बाहेरून आणि आतून घडीव दगडाचा एकेक थर, आणि मधे दगडगोट्यांचा आणि चुन्याचा भराव. वरचं पाणी जोपर्यंत छपरावरून बाहेर जातंय तोपर्यंत ही भिंत शतकानुशतकं उभी राहते. शिशाचे पत्रे गेले की आधी लाकडी वासे कुजतात, मग भिंतीच्या डोक्यावरून पाणी सरळ भरावात उतरतं, चुना हळूहळू धुऊन जातो, आणि इथली थंडी अशी की आत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, दगडाच्या पापुद्र्या काढतं, परत वितळतं, परत गोठतं. एल्गिनचा दगड वालुकाश्म आहे, कोरायला छान पण पाण्याला कच्चा. शिवाय छपराचे वासे दोन भिंतींना एकमेकींना धरून ठेवतात, ते गेले की भिंती सुट्या पडतात आणि वाऱ्याला एकट्या तोंड देतात.

हे सगळं एका पिढीला दिसतही नाही इतकं सावकाश होतं. 1618 मधे आलेल्या एका इंग्लिश प्रवाशाने लिहून ठेवलंय की भिंती आणि तिन्ही मनोरे उभे आहेत पण छप्पर, खिडक्या आणि थडगी मोडलीत. म्हणजे पन्नास वर्षांनीही सांगाडा शाबूत होता आणि तेव्हा कुणी छप्पर घातलं असतं तर आज आपण पूर्ण कॅथीड्रल बघत असतो.

९. पडझडीचा क्रम सांगा ना, कुठलं कधी पडलं?

डिसेंबर 1637 च्या वादळात क्वायरवरचे उरलेसुरले वासे उडाले. 1640 मधे आतला रंगवलेला लाकडी पडदा तोडला (प्रश्न १०). सतराव्या शतकाच्या मधे पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतली दगडी जाळी गेली, ती क्रॉमवेल या इंग्लिश सेनानीच्या सैनिकांनी फोडली असं समजतात. आणि मग 1711, ईस्टरचा रविवार, मधला मनोरा कोसळला. 1538 मधे एवढ्या कष्टाने परत बांधलेला तोच. तो पडताना उत्तरेचा बाहू (मधल्या चौकाच्या बाजूला निघालेला इमारतीचा भाग) आणि सभामंडप घेऊन गेला, म्हणून आज पश्चिमेचे दोन मनोरे एका टोकाला आणि पूर्वेची भिंत दुसऱ्या टोकाला अशी दिसते आणि मधे खांबांची जोती आणि गवत. सुदैवाने माणूस एकही मेला नाही.

१०. तो रंगीत पडद्याचा किस्सा खरा आहे का?

पडदा म्हणजे कापडाचा नाही, सभामंडप आणि क्वायर यांच्या मधली लाकडी भिंत. एका बाजूला येशूला क्रुसावर दिल्याचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या न्यायाचं. छप्पर जाऊन सत्तर-ऐंशी वर्षं झाली तरी रंग टिकून होते असं त्या काळच्या लिखाणात आहे. 1640 मधे सेंट जाइल्सचे पाद्री गिल्बर्ट रॉस यांनी आजूबाजूच्या दोन जमीनदारांना बरोबर घेऊन तो तोडला आणि सरपणाला नेला. एवढं खरं. त्या लाकडाचा विस्तव पाद्रीबुवांच्या घरात रात्री टिकेना, विझून जायचा, ही मात्र आख्यायिका आहे, पण लोकांना काय वाटलं असेल ते त्यातून कळतं.

११. बाकी सगळं पडलं मग ते आठ कोनी चॅप्टर हाउस एवढं चांगलं कसं राहिलं?

वापरात होतं म्हणून! प्रश्न ४ मधे जे म्हटलं त्याचा याहून चांगला पुरावा नाही. एल्गिनच्या कारागीर संघांनी ती खोली बैठकीसाठी वापरली, आधी 1671 ते 1676 आणि परत 1701 ते 1731. ज्यांना तिथे बसायचंय ते गळकं छप्पर कसं चालवून घेतील? एकाच आवारात, तोच दगड, तोच पाऊस, तीच थंडी, आणि वापरलेली खोली उभी आणि न वापरलेला सभामंडप भुईसपाट.

आत गेलात की मधल्या एकाच खांबाकडे बघा, त्याच्यातून वर सगळीकडे कमानी फाकतात आणि अख्खं दगडी छत त्यावर आहे. छताच्या गाठींवर कोरीव काम आहे. मान दुखेपर्यंत बघा.

१२. पडक्या कॅथीड्रलमधे एक बाई बाळाला घेऊन राहायची आणि ते बाळ पुढे भारतात गेलं असं ऐकलं. खरं का?

हो, ही मार्जरी गिलझिअन. साधारण 1740 च्या दशकाच्या शेवटी, कॅथीड्रलच्या एका छोट्या दगडी खोलीत ती तान्ह्या मुलाला घेऊन राहिली आणि बाळाला पाण्याच्या दगडी कुंडात गवत घालून निजवायची असं सांगतात. ते बाळ म्हणजे अँड्र्यू अँडरसन. मोठा होऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात गेला आणि लेफ्टनंट जनरलपर्यंत पोचला. 1824 मधे तो वारला तेव्हा एल्गिनमधल्या म्हाताऱ्यांसाठी आणि गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मोठी रक्कम ठेवून गेला आणि त्यातून उभी राहिलेली अँडरसन इन्स्टिट्यूशनची घुमटवाली इमारत आजही गावाच्या पूर्व टोकाला आहे. कंपनीच्या नोकरीतला पैसा म्हणजे तो कुणाच्या कष्टातून आला हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तेही तिथे उभं राहून मनात येतंच, आणि त्या खोलीत कुडकुडणारी आईही येते. मला दोन्ही एकदम वाटतं.

१३. पडलेले एवढे दगड गेले कुठे?

मनोरा पडल्यावर शंभरेक वर्षं ही जागा गावासाठी फुकटची दगडाची खाण होती. तयार घडीव दगड मिळतोय तर कोण सोडेल. वर लोक आपला कचराही तिथेच आणून टाकायचे. 1809 मधे नगरपालिकेने भोवतीची भिंत परत बांधायला घेतली आणि तेव्हापासून हे थांबत गेलं.

१४. जॉन शँक्स कोण? सगळे गाइड त्याचं नाव का घेतात?

या पूर्ण गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. एल्गिनमधला मोची, बूट शिवणारा. 1824 मधे, वयाच्या साठीच्या पुढे, याने कॅथीड्रलमधला ढिगारा उपसायला सुरुवात केली. आयझॅक फोर्साइथ नावाच्या गावातल्या एका सद्गृहस्थाने त्याला पाठबळ दिलं. फावडं आणि हातगाडी, बस. वर्षानुवर्षं तो माती, कचरा, पडलेले दगड बाजूला करत राहिला आणि खालून खांबांची जोती, थडगी, कोरीव तुकडे निघत गेले. कोरीव काम दिसलं की तो दगड वेगळा काढून ठेवायचा. 1826 मधे त्याला रीतसर रखवालदार नेमलं आणि मग येणाऱ्या पाहुण्यांना जागा फिरून दाखवायचं कामही त्याचंच.

1841 च्या एप्रिलमधे तो वारला. त्याची शिळा कॅथीड्रलच्या आवारात आहे आणि तिच्यावरचा मजकूर लॉर्ड कॉकबर्न या न्यायाधीशांचा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की ही वास्तू टिकवायला सरकारसुद्धा काही करत नव्हतं तेव्हा याने स्वतःच्या हाताने हजारो घनयार्ड ढिगारा उपसला. दगडावर कोरून सरकारला बोल लावलाय आणि मोच्याचा धंदा नावाशेजारी मानाने लिहिलाय. गेलात तर आधी ही शिळा शोधा.

१५. पण असं कुणीही उकरल्याने पुरावे नष्ट झाले असं पुरातत्ववाले म्हणतात ना?

म्हणतात आणि बरोबर म्हणतात. कुठला दगड कुठे, कुठल्या थरात सापडला याची नोंद झाली नाही, त्यामुळे मनोरा कसा पडला, वरची छतं कशी होती यातलं बरंच आता कळू शकत नाही. आज असं कुणी केलं तर गुन्हा होईल (प्रश्न २१). पण 1824 मधे पर्याय शास्त्रशुद्ध उत्खनन हा नव्हता, पर्याय होता आणखी कचरा आणि आणखी दगडचोरी. त्याने बाजूला ठेवलेले कोरीव तुकडे आहेत म्हणून आज अभ्यासायला काहीतरी आहे.

१६. सरकारने मग कधी लक्ष घातलं?

त्याच 1824 मधे चॅप्टर हाउसच्या नव्या छपरासाठी 121 पौंड मिळाले आणि वास्तुविशारद रॉबर्ट रीड यांनी ते काम केलं. भिंतींना बाहेरून दिलेले काही आधार बहुतेक त्यांच्याच काळातले. मग बराच काळ किरकोळ कामं. 1930 च्या दशकात क्वायरच्या दक्षिण बाजूला जे दगडी छत उरलंय त्याच्यावर संरक्षणासाठी छप्पर घातलं. 1960 पासून झिजून गेलेले दगड बदलायला घेतले, चॅप्टर हाउसला नव्या खिडक्या आणि परत छप्पर. 1988 ते 2000 पश्चिमेच्या दोन्ही मनोऱ्यांचं मोठं काम झालं आणि उत्तरेकडच्या मनोऱ्यावर बघायला जागा केली. 2016 पासून मनोऱ्यांच्या आत कोरीव दगडांचं प्रदर्शन आहे. आता सगळी जबाबदारी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे आहे. गंमत नाही, एवढी यादी वाचताना लक्षात येईल की जवळपास प्रत्येक ओळीत छप्पर आहे.

१७. एवढा पैसा आहे तर पूर्ण का बांधून काढत नाहीत? डनब्लेनला केलं ना?

डनब्लेनचा सभामंडप तीनेकशे वर्षं उघडा होता आणि 1889 ते 1893 मधे वास्तुविशारद रोवँड अँडरसन यांनी त्यावर परत छप्पर घातलं, हे खरं. पण तिथे भिंती, खांब, कमानी जागेवर होत्या आणि क्वायरमधे लोकांची प्रार्थना चालूच होती, म्हणजे छप्पर घालायला खाली काहीतरी होतं आणि वापरायला माणसं होती.

एल्गिनमधे दोन्ही नाही. सभामंडपाच्या भिंतीच नाहीत, मधला मनोरा नाही, छताची रचना कशी होती ते अंदाजाने ठरवावं लागेल. जुन्या वास्तू कशा जपाव्यात यावरच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत तत्त्व सांगितलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबायला हवा. बांधलं तर ती एकविसाव्या शतकातली नवी इमारत होईल आणि तिच्याखाली खरी जोती गाडली जातील. मलाही पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं बांधावं म्हणून. आता नाही वाटत.

१८. मग काही दगड नवेकोरे का दिसतात? ही फसवणूक नाही का?

नाही. ज्या ठिकाणी दगड इतका झिजलाय की वरचा भार पेलणार नाही किंवा पाणी आत जाईल तिथे तेवढाच दगड बदलतात. नवा दगड वेगळा ओळखू येतो आणि तो यायलाच हवा, पुढच्या माणसाला कळावं कुठलं जुनं कुठलं आपलं. सांध्यात सिमेंट नाही चुना भरतात, कारण सिमेंट पाणी आत कोंडून धरतं आणि मग सांध्याऐवजी दगडच फुटतो. आपल्या गावातलं जुनं दगडी देऊळ सिमेंटने लिंपायचं कुणी काढलं तर हा मुद्दा जरूर सांगा.

१९. एल्गिन मार्बल्स इथलेच का? आणि भारतातला लॉर्ड एल्गिन?

मार्बल्स म्हणजे संगमरवरी शिल्पं, ती ग्रीसची, अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाची. ती उचलून आणणारा सातवा अर्ल ऑफ एल्गिन, ब्रूस घराण्यातला. पदवी या गावाच्या नावावरून आहे पण घराण्याचं घर फाइफमधे, कॅथीड्रलशी संबंध नाही. त्याचा मुलगा आठवा अर्ल आपल्याकडे व्हाइसरॉय झाला, 1863 मधे धरमशालेला वारला आणि तिथेच पुरला. नातू नववा अर्ल 1894 ते 1899 व्हाइसरॉय, म्हणजे मुंबईत प्लेग आला आणि पुण्यात रँडचा खून झाला तेव्हा गादीवर असलेला लॉर्ड एल्गिन तो हा.

२०. आवारात एवढी थडगी का आहेत? आणि तो नक्षीचा उभा दगड कुठला?

कॅथीड्रल बंद पडल्यावरही लोक आपल्या माणसांना इथे पुरत राहिले. जॉन गेडिस नावाच्या हातमोजे शिवणाऱ्याची 1687 ची शिळा आहे, तिच्यावर चार ओळींची कविता: जग म्हणजे गल्ल्यांनी भरलेलं शहर, मरण म्हणजे सगळ्यांची गाठ पडते तो बाजार, आणि आयुष्य पैशाने विकत मिळत असतं तर गरीब जगलेच नसते आणि श्रीमंत मेलेच नसते. तुकडा माझ्या भाषांतरात फिका वाटेल पण तिथे वाचा.

उभा दगड पिक्ट लोकांचा (स्कॉटलंडच्या या भागातले प्राचीन रहिवासी), म्हणजे कॅथीड्रलच्याही काही शतकं आधीचा. तो 1823 मधे गावातल्या हाय स्ट्रीटवर सापडला आणि नंतर इथे आणून उभा केला. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला घोड्यावरची शिकार आणि ससाणा.

२१. ड्रोन उडवला किंवा एखादा छोटा दगड आठवण म्हणून आणला तर?

दगड अजिबात नाही, खडासुद्धा नाही, ही कायद्याने संरक्षित जागा आहे. मेटल डिटेक्टर परवानगीशिवाय चालवणं गुन्हा आहे. ड्रोनसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. दगड नेणाऱ्यांनी शंभर वर्षं काय केलं ते प्रश्न १३ मधे आहे.

२२. आई-बाबांना आणि मुलांना घेऊन जाणं झेपेल का?

खालचा भाग सपाट गवताचा आहे, आरामात होतं. मनोऱ्यांना गोल अरुंद दगडी जिना आहे, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबावं. ॲबरडीनहून ट्रेनने साधारण दीड तास, स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं. तिकीट लागतं, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि दगड तपासायचं काम असलं की काही भाग बंद ठेवतात म्हणून निघायच्या आधी वेबसाइट बघा. जूनमधेसुद्धा जॅकेट हवंच. शेजारी बायबलमधल्या झाडांची बाग आहे, मुलांना डबा खायला चांगली जागा.

२३. छप्पर परत घातलेलं, जिवंत असं जवळपास काही बघायला मिळेल का?

हो, आणि एल्गिनच्याच दिवशी जोडून करा. प्लसकार्डन ॲबी, दहाएक किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत. 1230 मधे त्याच दुसऱ्या अलेक्झांडर राजाने स्थापन केलेला मठ, म्हणजे कॅथीड्रलपेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान. तोही धर्मसुधारणेनंतर ओस पडला, छप्पर गेलं, वेली चढल्या. 1943 मधे मालकाने ती जागा बेनेडिक्टाइन साधूंना देऊन टाकली आणि 1948 मधे थोडेसे साधू पडक्या भिंतींमधे राहायला आले आणि त्यांनी एकेक करून छपरं घालायला घेतली. ते काम त्यांचं पिढ्यान् पिढ्या चालूच आहे. पांढऱ्या झग्यातले साधू अजून तिथे राहतात, दिवसातून अनेक वेळा लॅटिनमधे गाऊन प्रार्थना करतात, आणि कुणालाही मागे शांतपणे बसायला परवानगी आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या जरा आधी पोचा, फोन बंद करा आणि मागच्या बाकावर बसा, आवाज वर छताला लागून परत खाली येतो तो ऐका.